थ्रेनचा पुजारी पडवीत भांडतो तेव्हा

मालवणात जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की आमच्या पडवीत डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या खेळाचा, फड बसतो. दोघे ट्रॉलरवर जाणारे, एक मामेभाऊ, एक शेजारचा इलेक्ट्रिशियन आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि बाकीच्या पात्रांचं बोलणारा, मी. मारामारी सगळ्यांना जमते. घोडं अडतं ते दोन पंथ किंवा दोन राजकीय गट समोरासमोर बसवायचे म्हटलं की. पहिल्या वर्षी असे सेशन दोनच तऱ्हांनी बुडाले. एकतर मीच दोन्ही बाजूंनी वीस मिनिटं बोलायचो आणि बाकीचे कांदाभजी संपवायचे. नाहीतर कोणीतरी 'पर्सुएशन!' (समोरच्याचं मन वळवायचं कौशल्य) म्हणत फासा टाकायचा आणि शंभर वर्षांचं वैर दहा सेकंदांत मिटायचं.

आम्ही एबेरॉन या खेळातल्या एका काल्पनिक जगात खेळतो, कारण तिथले देव खाली उतरत नाहीत. क्लेरिकला (मंत्र चालवणाऱ्या पुजाऱ्याला) मंत्र मिळतात ते श्रद्धेच्या जोरावर. सॉव्हरिन होस्ट या देवमंडळाच्या पुजाऱ्याचे मंत्र चालतात आणि दैवत्व स्वतःच्या रक्तात शोधणाऱ्या ब्लड ऑफ वोल पंथवाल्याचेही चालतात. कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, म्हणून वादाला धार राहते. फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या दुसऱ्या जगात देव स्वतः पृथ्वीवर वावरून गेलेत. तिथे देव आहे की नाही यावर भांडणं म्हणजे गळाभर पाण्यात उभं राहून समुद्र कुठाय विचारणं. तिथे भांडण लावा ते देवाच्या शब्दाचा अर्थ कोण लावणार यावर.

पण कुठलंही जग घ्या, 'कोणाचा देव खरा' हा विषय नकोच. आमच्या किनाऱ्यावर पर्ससीनवाले (यांत्रिक बोटीतून मोठं जाळं टाकणारे) आणि रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) भांडतात तेव्हा बोलणं समुद्र कोणाचा इथपर्यंत जातं. मुद्दा मात्र किनाऱ्याच्या किती जवळ जाळं टाकायचं एवढाच असतो. तसंच इथेही. वाद हातात धरता येईल अशा वस्तूवर लावा: धान्याचं कोठार, पूल, एखादी किल्ली.

गेल्या जुलैत मी किल्लीच घेतली. एबेरॉनमधलं शेवटचं महायुद्ध तिथल्या सन 996 मध्ये थ्रोनहोल्डच्या तहाने संपलंय, सायर देश त्याच्या दोन वर्षं आधीच एका दिवसात नष्ट झालाय आणि तिथले निर्वासित थ्रेन या दुसऱ्या देशाच्या सीमेवरच्या एका गावात येऊन पडलेत. (गाव माझ्या मनचं, बाकी सगळं सेटिंगमधलं.) गावातल्या धान्याच्या कोठाराची किल्ली सिल्व्हर फ्लेम या पवित्र ज्योतीच्या पंथाच्या पुजाऱ्याकडे. थ्रेनमध्ये सत्ता या पंथाचीच आहे, राणी दियानी नावापुरती. त्यामुळे तिसरा गट तिच्या माणसांचा.

प्रत्येक गटासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे तीन ओळी लिहायच्या. काय हवं, काय जन्मात सोडणार नाही आणि समोरच्यावाचून काय अडलंय. पहिल्या दोन कोणीही लिहील. वाद चालतो तो तिसरीवर. माझ्या पुजाऱ्याचं अडलं होतं ते असं: गावकूस पडलेलं आणि गवंडी सगळे निर्वासितांत.

धर्माची माहिती दोन वाक्यांच्या वर देऊ नका. फ्लेम राक्षसांना जखडून ठेवते, सामान्य माणसाला राखते. याच पंथाने लांडगा होणाऱ्या माणसांच्या मागे लागून कितीतरी निरपराधही मारले. एवढ्यावर तीन तास जातात. आणि जो गट तुम्हाला स्वतःला आवडत नाही त्याला चांगले मुद्दे द्या. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, राजपार्टवाला आणि राक्षस उभ्या उभ्या बोलणं रचतात. राक्षस मुद्द्यात कच्चा निघाला की मंडळी चहाच्या टपरीकडे सरकतात.

दोन एनपीसींना (डीएम चालवतो त्या पात्रांना) आपसात बोलवायची वेळ आली तर एक जण खेळाडूकडे सोपवा. ज्याचं पात्र त्या प्रसंगात नाही त्याला पत्रिका द्यायची. मामेभावाचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) तेव्हा जखमी होऊन पडला होता, म्हणून राणीचा माणूस त्याच्याकडे गेला.

फासा शेवटी. आधी बोलायचं, मग वीस बाजूंचा फासा. समोरचा पटायला साधारण 15 लागतात. समोरच्याच्या तिसऱ्या ओळीला हात घातला तर 10, त्याच्या मानाला धक्का लावला तर 20. फासा हो-नाही ठरवत नाही, तो किंमत ठरवतो. जेमतेम गाठलं तर समोरचा कबूल होतो, पण काहीतरी मागून घेतो.

गावचं खरं राजकारण मात्र उंबऱ्याबाहेर. एकदा एकाने फ्लेमच्या पुजाऱ्याच्या तोंडी पालखीच्या मानाचं बोलणं घातलं. हसले सगळे, पण पुढचे तीन शनिवार पडवी रिकामी. चूक माझी, तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं.

तर किल्ली. पुजारी म्हणून मी सांगितलं, आधी ज्योतीसमोर उभे राहा, मग धान्य. सायरचा चोर झालेला आमचा खलाशी पेजेची वाटी खाली ठेवून म्हणाला, "भात देतलस की देव, ता आधी सांग." मी गप्प. त्याने तेवढ्यात ओळखलं, "आणि भिंतीक गवंडी खंयसून हाडतलस?" त्याला पत्रिका दिसलेली नव्हती. 10 हवे होते, 11 पडले.

पुजाऱ्याने किल्ली पुढे केली, पण भिंतीचा पहिला दगड फ्लेमच्या नावाने बसेल या अटीवर. हात मिळवणार तोच मामेभाऊ पत्रिका आपटून उठला, "आणि राणीचा नाव खंय?"

तेवढ्यात लाईट गेली. मेणबत्ती सापडेपर्यंत ते अंधारातच भांडत होते.