घरच्या घरी यंत्रावर रक्तातली साखर तपासताना

आधी साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावर फळाची साखर राहते आणि आकडा उगाच फुगतो. ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन तो कमी दिसतो. यंत्रात घालायच्या, रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्टीची मुदत तपासा. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

सुई बोटाच्या टोकाला नको, कडेला टोचा. तिथे दुखतं कमी. थेंब येत नसेल तर बोट पिळू नका, हात खाली सोडून जरा थांबा. दरवेळी नवी सुई घ्या.

उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास पाण्याखेरीज काही नाही, चहासुद्धा नाही. जेवणानंतरचे २ तास पहिल्या घासापासून मोजायचे.

उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त आल्यास प्रयोगशाळेत तपासून घ्या. घरच्या यंत्रावर निदान होत नाही, त्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो.

मधुमेहाचं औषध चालू असताना साखर ७० च्या खाली गेल्यास ३ चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.