फीड शांत आहे की बंद पडलंय? आरएसएस वापरताना या चुका टाळा

आरएसएस फीड म्हणजे साइटवरच्या ताज्या लेखांची आपोआप बदलणारी यादी. अनेक साइटची फीड एका जागी गोळा करून वाचायला देणारं अ‍ॅप म्हणजे रीडर. या फीडचा मोठा दोष म्हणजे ते बंद पडलं तरी बोंब मारत नाही. लेखकाने महिनाभर काही लिहिलेलं नाही, की फीडच मेलंय? रीडरच्या यादीत दोन्ही सारखंच दिसतं. गप्प फीडकडे दुर्लक्ष करणं ही त्यामुळे सगळ्यात महागात पडणारी चूक. शंका आली की मूळ साइट ब्राउझरमध्ये उघडा. तिथे नवे लेख असतील तर साइटने बहुधा डोमेन किंवा सॉफ्टवेअर बदललंय आणि तुमच्याकडे जुनाच पत्ता आहे. रीडर बिघाडाचा क्रमांक (एरर कोड) दाखवत असेल तर तोही वाचा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडलं नाही, नवा शोधा. ४१० म्हणजे फीड कायमचं काढलंय, यादीतून उडवा. ४२९ आला तर तुमचा रीडर फार वेळा विचारणा करतोय. दर पाच मिनिटांची तपासणी तासावर न्या.

पत्ता टाकतानाही गडबड होते. फीडच्या दुव्यावर टिचकी मारली की ब्राउझरमध्ये कोडचा पसारा दिसतो आणि लोक बिघाड समजून पान बंद करतात. तो पसारा म्हणजेच फीड! वरचा पत्ता कॉपी करून रीडरमध्ये टाकायचा. (फायरफॉक्समध्ये पूर्वी फीड नीट वाचता यायचं, डिसेंबर २०१८ मध्ये, ६४व्या आवृत्तीत, ती सोय गेली.) दुवाच दिसत नसेल तर साइटचा साधा पत्ता टाकून बघा, बरेच रीडर फीड स्वतः हुडकतात. वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइटवर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिलं तरी सहसा चालतं. रीडरने दोन-तीन पर्याय दिले तर नावं वाचून निवडा, नाहीतर प्रतिक्रियांचं फीड गळ्यात पडतं आणि दिवसभर ‘छान लेख’ एवढंच वाचावं लागतं.

‘मधले लेख गायब झाले’ ही तक्रारही नेहमीची. फीडमध्ये साइटचे सगळे लेख नसतात. वर्डप्रेस मुळात ताजे १० च देतं. रीडर फक्त तुमच्या संगणकावर चालत असेल आणि तुम्ही तो बरेच दिवस उघडला नाही, तर तेवढ्यात अकरावा लेख यादीबाहेर ढकललेला असतो. भरभर लिहिणाऱ्या साइटसाठी सर्व्हरवर चालणारा रीडर बरा. तुम्ही नसलात तरी तो लेख गोळा करत राहतो.

अर्धवट लेख दिसणं हा मात्र बिघाड नव्हे. साइटनेच तेवढा दिलेला असतो. जुने लेख अचानक पुन्हा नवे म्हणून आले तर साइटने त्यांचे ओळख-क्रमांक बदललेत. एकदा ‘सगळं वाचलं’ दाबा आणि पुढे चला. हेच बटण बातम्यांच्या फीडवर रोज दाबायलाही हरकत नाही. न वाचलेल्यांचा आकडा म्हणजे काही थकबाकी नव्हे. त्यातून मोठ्या वृत्तसाइटचं अख्खं फीड घेण्यापेक्षा हव्या त्या विभागाचं घ्यावं.

तुमच्या फीडच्या यादीची प्रत न ठेवणं मात्र अक्षम्य. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तसा कुठलाही रीडर होऊ शकतो. सेटिंगमधून ओपीएमएल फाइल (हीच फीडच्या पत्त्यांची यादी) उतरवून ठेवा, ती दुसऱ्या रीडरमध्ये सहज चढते. पण ती मित्राला पाठवण्याआधी एकदा चाळा: पैसे भरून घेतलेल्या पॉडकास्टच्या फीडच्या पत्त्यातच अनेकदा तुमची खासगी किल्ली असते.