५० नॅनोमीटरचा तो कण बाटलीत नव्हताच

चांदीच्या नॅनोकणांवर विद्युत्-रसायनाचं काम सुरू करणारे विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात तो पोटेन्शिओस्टॅटबद्दल, म्हणजे इलेक्ट्रोडवर ठरावीक पोटेन्शियल (विद्युत दाब) ठेवून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाबद्दल: कोणता वापरायचा, सॉफ्टवेअर कसं चालतं. मी त्यांना सांगते, आधी बाटलीतल्या द्रावाशी ओळख करून घ्या. हे कळायला मला माझे पहिले तीन महिने लागले.

एकेका कणाचा आकार मोजायची ही पद्धत ऐकायला सोपी आहे. पाण्यातले कण सतत इकडेतिकडे भटकत असतात. त्यात एक सूक्ष्म इलेक्ट्रोड बुडवायचं, ज्याच्या टोकाशी जेमतेम ७ मायक्रोमीटर व्यासाची कार्बनची चकती असते. तिच्यावर चांदीचं ऑक्सिडेशन होईल, म्हणजे तिचे अणू इलेक्ट्रॉन गमावतील, इतकं पोटेन्शियल ठेवायचं आणि थांबायचं. एखादा कण येऊन आदळला की तो विरघळतो, प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन देतो आणि प्रवाहाच्या आलेखावर क्षणभर एक स्पाइक, म्हणजे टोकदार उसळी, उठतो. त्याच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे विद्युतभार. भारावरून अणूंची संख्या निघते आणि तिच्यावरून कणाचा व्यास. ४० नॅनोमीटरच्या कणात सुमारे २० लाख अणू असतात, त्यांचा भार साधारण ०.३१ पिकोकुलोम. हा हिशेब माझ्या वहीत पहिल्यांदा जुळला त्या दिवशी मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले होते. द्रावात भटकणाऱ्या एका सुट्या कणाचे अणू आपण मोजले, ही भावना अजूनही ओसरलेली नाही.

२००७ मध्ये विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ शिआओ आणि बार्ड यांनी प्लॅटिनमच्या एकेका कणाची टक्कर अशीच टिपली होती. तिथे कण विरघळत नाही, उत्प्रेरक म्हणून, म्हणजे दुसऱ्या अभिक्रियेला वेग देत, काम करतो. चांदीचा कणच विरघळवून त्याचा आकार मोजण्याचं काम २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या कॉम्प्टन यांच्या गटाने केलं.

आता माझी अडचण. बाटलीवर ४० नॅनोमीटर लिहिलेलं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही ४० दिसत होते. माझ्या स्पाइकमधून मात्र दोन गट निघायचे, एक ४० च्या आसपास आणि दुसरा ५० च्या. मी इलेक्ट्रोड पुन्हापुन्हा पॉलिश केलं, केबल बदलल्या, दुसरं उपकरण मागून आणलं. ५० काही हटेना.

उत्तर घनमुळात होतं, कारण भार कणाच्या घनफळाच्या प्रमाणात असतो. दोन कण एकमेकांना चिकटले की भार दुप्पट होतो, पण त्यावरून काढलेला व्यास वाढतो फक्त १.२६ पट. ४० गुणिले १.२६ म्हणजे ५०. त्या जोड्या होत्या, आणि त्या मीच लावल्या होत्या, क्षार घालून.

या कामातला खरा पेच इथेच आहे. द्रावातून वीज वाहावी म्हणून क्षार लागतो. पण सिट्रेटचं आवरण असलेले कण सुटे राहतात ते त्यांच्यावरच्या ऋणभारामुळे, आणि क्षार तोच भार झाकतो. पोटॅशियम नायट्रेटसारखा क्षार १०० मिलिमोलर (मोलर हे तीव्रतेचं एकक) असेल तर त्या भाराचा प्रभाव जेमतेम १ नॅनोमीटर पोचतो. १० मिलिमोलरला तो सुमारे ३ नॅनोमीटर असतो. मी पाठ्यपुस्तकातल्या सवयीने १०० घेत होते. सूक्ष्म इलेक्ट्रोडवरचा प्रवाह नॅनोअँपिअर किंवा त्याहून कमी असल्यामुळे १० मिलिमोलरवर सहज भागतं. तेवढं केलं, कण सगळ्यात शेवटी घातले, लगेच मोजणी सुरू केली आणि ५० चा गट जवळजवळ नाहीसा झाला.

म्हणून प्रयोगाआधी वर्णपटमापक गाठा, म्हणजे द्राव कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषतो ते मोजणारं उपकरण. चांदीच्या सुट्या कणांचा द्राव पिवळा असतो, प्रकाशशोषणाचा शिखरबिंदू ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जवळपास. प्रयोगाला वापरणार तोच क्षार घालून लगेच एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा वर्णपट घ्या. शिखर खचलं किंवा पसरलं तर इलेक्ट्रोडला हात लावू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फॅरडे पिंजरा, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी धातूची पेटी, हवाच, त्यावाचून स्पाइक गोंगाटात बुडतात. रेफरन्स इलेक्ट्रोडमधून (ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतात) क्लोराइड पाझरतं आणि चांदीची अभिक्रियाच बदलते, तेव्हा दुहेरी जंक्शनचं, म्हणजे मध्ये आणखी एक द्रावाचा कप्पा असलेलं, वापरा. उपकरणातल्या गोंगाट कमी करणाऱ्या फिल्टरमुळे स्पाइक बुटका आणि रुंद होतो, म्हणून उंचीवर विसंबू नका, क्षेत्रफळ मोजा. कणांशिवायचा कोरा प्रयोग रोज करा. आणखी एक प्रयोग ऑक्सिडेशन होणार नाही इतक्या कमी पोटेन्शियलवर, कणांसकट करा. तिथेही स्पाइक आले तर ते चांदीचे नाहीत.

कधीकधी एकाच कणाचे लागोपाठ तीन-चार छोटे स्पाइक येतात. कण इलेक्ट्रोडला टेकतो, थोडा विरघळतो, दूर जातो, परत येतो. त्यांना वेगवेगळे कण समजलात तर व्यास कमी निघेल. मी दोन्ही प्रकारे हिशेब करते आणि दोन्ही आकडे वहीत ठेवते.

स्पाइक किती यायला हवेत, हे आधीच काढून ठेवा. १० पिकोमोलर द्राव, ४० नॅनोमीटरचे कण आणि ७ मायक्रोमीटरची चकती असेल तर सेकंदाला साधारण एक टक्कर अपेक्षित आहे. मिनिटाला पाचच दिसत असतील तर कण गुठळ्यांत गेलेत किंवा काचेला चिकटलेत. त्या दिवशी नवा द्राव करून पुन्हा सुरुवात करा.