गॉलवेत भाड्याचं घर बघताना भिंतीला हात लावा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे शहरात नोकरी लागली की पहिली चौकशी थंडीची होते. बर्फ पडतो का, थर्मल किती आणायचे, जॅकेट तिकडून घेऊ की इकडे? माझं उत्तर ठरलेलं आहे: थंडीचं फार मनावर घेऊ नका, ओलीचं घ्या. जानेवारीतसुद्धा दुपारी 8 अंशांच्या आसपास असतं आणि बर्फ क्वचितच टिकतो. अटलांटिकमधला उबदार प्रवाह आणि नैऋत्येचा वारा या शहराला गोठू देत नाहीत, पण तोच वारा समुद्रावरचं बाष्प घरात आणून सोडतो. वर्षाचा पाऊस 1,200 मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे रत्नागिरीच्या निम्म्याहूनही कमी. पण रत्नागिरीत तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथे बारा महिने चालूच. छत्री आणू नका, वारा ती पहिल्या आठवड्यात उलटी करतो. टोपीचा, शिवणी बंद केलेला रेनकोट इथेच घ्या.

म्हणून घर बघायला गेलात की सोफा आणि टीव्ही नंतर बघा. आधी कपाट जरा पुढे ओढून मागच्या भिंतीला हात लावा, बाथरूमचं छत बघा, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का ते बघा. एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला, तर तो का लावला ते विचारा. जाहिरातीत बीईआर, म्हणजे घराच्या ऊर्जाक्षमतेचा दर्जा, देणं बंधनकारक आहे; ए सर्वांत चांगला, जी सर्वांत वाईट. शंभर युरो भाडं कमी म्हणून एफ किंवा जी दर्जाचं घर घेतलं, की ते शंभर युरो हीटिंगच्या बिलात जातात आणि वर बुरशी मिळते.

भिंतीत वरच्या बाजूला हवेची गोल किंवा चौकोनी झडप असते. तिथून गार हवा येते म्हणून आपली मंडळी तिच्यात कापड कोंबतात. तेवढं करू नका. त्या झडपेवाटेच घरातली वाफ बाहेर जाते, आणि आपल्या घरात कुकर, डाळ, अंघोळ, दोरीवरचे कपडे अशी वाफ भरपूर होते. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावा, सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडा आणि पहिल्या पगारात डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, घ्या. संध्याकाळी त्याच्या टाकीतून निघालेलं पाणी बघितलं, की हे सगळं का सांगतोय ते कळेल. गरम पाण्याच्या टाकीचं बटण, ज्याला इथे इमर्शन म्हणतात, त्यावर सिंक आणि बाथ असे दोन पर्याय असतात. भांड्यांपुरतं पाणी हवं तर सिंकवर ठेवा, आणि काम झालं की बंद करा.

आता घर मिळण्याबद्दल. मिळणं अवघड आहे, ते गोड करून सांगत नाही. दोन हजार युरोच्या आत आख्खं घर मिळालं तर नशीब समजा. एकटं येणाऱ्याने आधी खोलीच शोधावी. शक्य असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर टाळा, तेव्हा विद्यापीठाचे विद्यार्थी शहरभर घरं शोधत असतात. सॉल्टहिलला समुद्रासमोर सप्टेंबर ते मे अशी घरं मिळतात, पण उन्हाळ्यात ती पर्यटकांना द्यायची असतात. करार वाचल्याशिवाय अशा घरात सामान मांडू नका. जुलै अखेरीला घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा असतो. त्या दिवसांत उतरायची वेळ आली, तर हॉटेलचे दर बघून घाम फुटेल.

कायद्याने घरमालक सुरुवातीला एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं, यापेक्षा जास्त मागू शकत नाही. त्याने भाडेकरार आरटीबीकडे, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी मंडळाकडे, नोंदवायचा असतो. नोंदवला का, ते विचारायला लाजू नका. आयकर भरत असाल तर भाड्यावर सवलत मिळते, 2025 सालासाठी माणशी 1,000 युरोपर्यंत. आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय, किंवा ओळखीच्या कुणाला पाठवून बघितल्याशिवाय, एक युरोही पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल’ असं सांगणारा मालक हा मालक नसतो.

जागा निवडताना कॉरिब नदी लक्षात ठेवा. ज्या काठाला काम, त्याच काठाला घर. गाड्यांना मोजकेच पूल आहेत आणि संध्याकाळी ते तुंबतात. पार्कमोर-बॅलिब्रिटच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांत कामाला असाल, तर डॉइश्का, रेनमोर, मर्व्यू किंवा ओरनमोर बघा. ओरनमोर आणि अथेनरायहून शहरात ट्रेन येते. विद्यापीठात किंवा त्याला लागून असलेल्या मोठ्या इस्पितळात काम असेल, तर न्यूकॅसल, वेस्टसाइड, नॉकनाकारा. समुद्र दिसतो म्हणून नॉकनाकाराला राहून रोज पार्कमोरला जाणारे लोक मला माहीत आहेत. समुद्र त्यांना शनिवार-रविवारीच दिसतो.

वादळांची मात्र थट्टा करू नका. मेट एरनचे, म्हणजे इथल्या हवामान खात्याचे, इशारे पिवळे, नारिंगी आणि लाल असतात. पिवळ्यात लोक कामाला जातात, लाल आला की शाळा बंद आणि सगळे घरात. 24 जानेवारी 2025 च्या एओविन वादळात याच जिल्ह्यातल्या मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी 180 किलोमीटरच्या वर गेला. देशभरात साडेसात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि पश्चिमेकडे काही घरांत ती यायला आठवड्याहून जास्त लागला. पॉवर बँक, टॉर्च, चार दिवसांचं कोरडं खाणं घरात असू द्या. भरतीच्या वेळी वारा असेल, तर सॉल्टहिलच्या किनाऱ्यालगत गाडी लावू नका.

डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो आणि सकाळी नऊच्या सुमारास उजाडतं. पहिल्या हिवाळ्यात अनेकांना याचंच जड जातं. व्हिटॅमिन डीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि दुपारी पाऊस थांबला की काम टाकून बाहेर पडा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा मुलं झोपत नाहीत, ही वेगळी कटकट.

माणसं बोलकी आहेत. बसमधून उतरताना चालकाला थँक्यू म्हणायची पद्धत आहे, ती पाळा. पण बोलकेपणाला जवळीक समजू नका. ‘कधीतरी चहाला ये’ हे आपल्या ‘या एकदा घरी’सारखंच असतं, वार ठरला तरच आमंत्रण. तोंडावर ‘नाही’ फारसं कुणी म्हणत नाही. घरमालक ‘बघतो’ म्हणाला तर तक्रार त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा, भिंतीचा फोटो जोडून. मैत्री मुलांच्या शाळेतून, जीएए क्लबातून (आयरिश पारंपरिक खेळांचे क्लब) नाहीतर एखाद्या गायनगटातून होते आणि वेळ घेते. शहरात इस्पितळामुळे केरळी कुटुंबं बरीच आहेत. मसाले, भाजी आणि पहिल्या महिन्यातला सल्ला यासाठी त्यांचा फार आधार होतो. घरून हल्ल्यांच्या बातम्यांबद्दल विचारणा होईल. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिन परिसरात भारतीयांवर हल्ले झाले, हे खरं आहे. इथे मी रात्री चालत घरी येतो, तरी कुणी त्रास दिला तर गार्डाकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, तक्रार नोंदवा, गप्प बसू नका.

शेवटच्या दोन गोष्टी, विमानात बसण्याआधी माहीत असाव्यात अशा. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, थिअरी परीक्षेपासून सुरुवात करावी लागते, तेव्हा पहिलं वर्ष बसचं धरून चला. आणि फॅमिली डॉक्टर आजारी पडल्यावर नाही, पत्ता मिळाल्याच्या आठवड्यात शोधा. बऱ्याच दवाखान्यांत नवे रुग्ण घेत नाहीत, चार-पाच ठिकाणी फोन करावा लागतो.