आडोसा उभा करायचा तर त्याला वळण द्या

हेलसिंकीतल्या माझ्या एका खोलीच्या घरात पलंग आणि कामाचं टेबल यांच्या मधे फिनिश वास्तुकार आल्वार आल्तोचा लाकडी आडोसा उभा असतो. आर्टेक या फिनिश फर्निचर कंपनीचा 'स्क्रीन १००', रचना १९३६ सालची. पाइनच्या अरुंद उभ्या पट्ट्या अशा जोडलेल्या की सगळा आडोसा चटईसारखा गुंडाळता येतो. मी तो जुना घेतला आणि पहिल्याच दिवशी भिंतीसारखा सरळ उभा केला. संध्याकाळपर्यंत तो आडवा झाला होता.

सरळ ठेवला की त्याचा पाया म्हणजे जेमतेम पट्टीच्या जाडीएवढी एक रेघ. त्याला वळण दिलं की पाया रुंद होतो आणि तो कशाच्याही आधाराशिवाय उभा राहतो. म्हणून गुंडाळी उभी धरा, एक टोक जमिनीवर टेकवून सावकाश उलगडत न्या. आधी एका बाजूला पोट काढा, मग दुसऱ्या बाजूला. असे दोन उलटे वळसे मला सगळ्यात भक्कम वाटतात. शेवटी वरच्या कडेला बोटाने हलकेच ढकलून बघा. डुलला तर वळसा आणखी खोल करा. फिनिश भाषेत 'आल्तो' म्हणजे लाट, हे मला फार नंतर कळलं.

जागा निवडताना उंची लक्षात घ्या. तो दीड मीटरच आहे. बसलेला माणूस झाकला जातो, उभ्या माणसाला पलीकडचं दिसतं आणि खिडकीतला उजेड वरून आत येतो. डिसेंबरात हा उजेड मला जिवापेक्षा प्यारा, म्हणून तेव्हा आडोसा खिडकीपासून लांब. जूनमध्ये सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो. वायव्येच्या खिडकीतून ते तिरपं ऊन थेट उशीवर येतं, तेव्हा एक वळसा उशाकडे ओढून घेते. हीटरला मात्र कधीच चिकटवू नका, कोरड्या उष्णतेने लाकूड आकसतं.

धूळ फटींत बसते. मऊ ब्रश वरून खाली फिरवा, ओलं फडकं नको. उन्हाने पाइन मधाच्या रंगाकडे झुकतो; रंग एकसारखा यावा म्हणून मी अधूनमधून त्याची बाजू बदलते.

हलवताना फरफटवू नका. पूर्ण गुंडाळा, खालून हात घालून उचला, शक्यतो दोघांनी. पाहुणे आले की माझी गुंडाळी कोटांच्या खुंट्यांखाली उभी असते.