फायबर घ्यायचंय? मग लाईन टाकायला पोरगा येईल तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहा

फायबरचं नेट घ्यायचं ठरलं की आपण सगळे प्लॅनच बघत बसतो, १०० एमबीपीएस स्पीडचा घेऊ का २०० चा, ओटीटी फुकट आहे का, इन्स्टॉलेशन माफ आहे का. बघा की, आणि जाहिरातीतल्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का तेही बघा. पण नेट पुढे कसं चालणार हे ठरतं लाईन टाकायला पोरगा येतो त्या तासाभरात, आणि नेमकं तेव्हा आपण चहा टाकायला आत गेलेलो असतो.

माझं तसंच झालं. एप्रिलमध्ये कनेक्शन घेतलं, त्याने बाल्कनीच्या स्लायडिंग खिडकीच्या फटीतून केबल आत घेतली, भिंतीला भोक नको म्हणून मलाही बरंच वाटलं. दोन महिने मस्त चाललं. मग पाऊस सुरू झाला आणि सर आली की नेट गायब, फायबर ज्यात लागतं आणि जो वायफाय देतो त्या बॉक्सवर लाल दिवा. कस्टमर केअरवाले रोज सांगणार रीस्टार्ट करा, आणि आम्ही म्हणणार पावसात लाईनमध्ये पाणी जातंय. शेवटी सासूबाईंनी शोध लावला की पावसाचा काही संबंध नाही, पाऊस आला की आपण खिडकी लावतो आणि शटर केबल दाबतंय! फायबर म्हणजे आत काच आहे, ती दबली किंवा फार वाकली की प्रकाश बाजूने गळून जातो, एवढं साधं होतं ते.

तर आधी हे विचारून घ्या की फायबर घरापर्यंत येणार का फक्त बिल्डिंगपर्यंत. काही केबलवाले गच्चीवर किंवा जिन्यात नेटवर्क स्विच (एका लाईनचं नेट अनेक घरांना वाटणारा डबा) बसवतात आणि तिथून साधी लॅन केबल घरात आणतात, आणि सांगताना फायबरच सांगतात. खरं घरापर्यंतचं फायबर बहुतेक जीपॉन नावाच्या पद्धतीचं असतं, म्हणजे वाटेत फक्त स्प्लिटर, जो एका काचेतला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटतो आणि त्याला लाईट लागत नाही. जिन्यातल्या स्विचला लागते. बिल्डिंगची लाईट गेली की फरक कळतो.

मग जागा. बॉक्स दारापाशी लावणं त्या पोराला सोपं पडतं, पण घराच्या मध्यात, छातीच्या उंचीवर, जवळ प्लग असेल असा लावा. टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटावर तर अजिबात नको. जास्त स्पीड देणारं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जाड भिंतीपलीकडे लवकर दमतं, त्यामुळे जुन्या वाड्यात किंवा दगडी घरात राहत असाल तर कितीही चांगला बॉक्स घ्या, आतल्या खोलीसाठी एक लॅन केबल ओढूनच घ्या, उगाच रिपीटरवर (वायफाय पकडून पुढे सोडणारा डबा) पैसे घालू नका. आणि घरातला जुना राऊटर लावणार असाल तर त्याचे केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असू शकतात, मग २०० चा प्लॅन घेऊनही स्पीड शंभराच्या आतच दिसणार.

केबल आत घेताना भोक पाडू द्या, घाबरू नका. फक्त ते आतून बाहेर उतरतं पाडायला सांगा, आणि बाहेर केबलला भोकाच्या खाली एक झोल देऊन मग वर आत घ्यायला सांगा, म्हणजे पाणी झोलावरून खाली ठिबकतं, भिंतीत जात नाही. वरून सिलिकॉन. केबल विजेच्या सर्व्हिस वायरला बांधू देऊ नका, काचेतून करंट जात नाही हे खरं पण बऱ्याच केबलना आधाराला स्टीलची तार असते, तिच्यातून जातो. दोन-तीन मीटर जास्तीची केबल तळहातापेक्षा मोठ्या वेटोळ्यात ठेवायला सांगा, पुढे तुटली तर तीच कामाला येते, आमच्या गल्लीत दर वर्षी गणपतीचा मांडव घालताना कुणाची तरी तुटतेच.

आता जॉइंट. टोकाला कनेक्टर दोन प्रकारे लावतात, मशीनवर काच वितळवून जोडतात किंवा हातानेच फास्ट कनेक्टर बसवतात. दुसरं पटकन होतं पण ढिलं पडायची शक्यता जास्त, मशीन असेल तर मशीननेच करायला सांगा. हिरवा कनेक्टर हिरव्यातच, निळा निळ्यातच, हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं त्यामुळे मिसळले की सिग्नल पडतो. टोकाला बोट लावायचं नाही, शर्टाला पुसायचं नाही. ज्यातून प्रकाश जातो तो भाग ९ मायक्रॉनचा, धुळीचा एक कण पुरतो. आणि टोक डोळ्यासमोर धरून 'उजेड येतोय का' असं बघायचं नाही, मुलांनाही सांगा, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

सगळं झालं की त्याला म्हणा, 'दादा, मीटर लाव, पॉवर किती येतीय दाखव.' केबलमधून येणाऱ्या प्रकाशाचा हा आकडा मायनसमध्ये असतो, डीबीएम म्हणतात, मायनसपुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. जीपॉनचे नेहमीचे बॉक्स साधारण मायनस ८ ते मायनस २७ मध्ये चालतात, मायनस १८ ते २३ असेल तर निवांत. मायनस २६ दाखवून तो 'चालतंय की' म्हणेल, आज चालेलही, पण दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे तुमच्याकडे शिल्लकच नाही. जॉइंट परत करायला लावा. आकड्याचा फोटो काढा. बॉक्सच्या मागच्या स्टिकरचाही काढा, युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, आणि स्पीड लॅपटॉपला लॅन लावून बघा, मोबाईलवर नको.

पुढे बंद पडलं तर दिवे बघून फोन करा. एलओएस (सिग्नल हरवल्याचा दिवा) लाल म्हणजे प्रकाशच येत नाहीये, केबल दबलीय किंवा तुटलीय, इथे रीस्टार्टने काही होत नाही, सरळ माणूस पाठवा म्हणायचं. पॉन नावाचा दिवा लुकलुकतोय म्हणजे बॉक्स पलीकडे कंपनीच्या यंत्रावर रजिस्टर होत नाहीये. पॉन स्थिर हिरवा आणि तरी नेट नाही, तर आधी बिल भरलंय का बघा, आमच्याकडे दोनदा तेच निघालं.

लोडशेडिंग असेल तर बॉक्ससाठी छोटा यूपीएस मिळतो, फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, बरेचसे १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाही.