जुन्या गाडीचा पत्रा मिगने जोडताय? या चुका टाळा

पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचा फ्लोअर किंवा दरवाजाखालची सिल मिगने (गनमधून आपोआप पुढे येणारी वायर विजेने वितळवून जोडायचं वेल्डिंग) वेल्ड करायला घेतली की ठरलेल्या तक्रारी सुरू होतात: भोकं पडतात, टाका (वेल्डचा छोटा ठिपका) धरत नाही, पत्रा लाटा मारतो. दोष मशीनला दिला जातो. तेच मशीन नव्या पत्र्यावर मात्र छान चालतं. जुन्या गाडीचं काम बहुतेक वेळा ट्रिगर दाबण्याआधीच बिघडलेलं असतं.

गंजलेल्या कडेला पॅच जोडणं

सगळ्यात जास्त कामं इथेच वाया जातात. वरून रुपयाएवढं भोक दिसतं. जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्या भोवती टोचत जा, तळहाताएवढा भाग आत दबतो. मुळात हा पत्रा साधारण ०.८ ते १ मिमीचा. मागून गंजाने खाल्ला की निम्माही उरत नाही. अशा कडेला आर्क (वायरच्या टोकाची विजेची ठिणगी) लागला की कड मागे मागे वितळत जाते आणि भोक बुजवायला जावं तसं ते वाढतच राहतं. तिथे करंट कमी करून उपयोग नाही, कारण धरायला धातूच नसतो. टणक पत्रा लागेपर्यंत कापा. गाडीवर जीव असेल तर कापताना हात थांबतो, पण अर्धवट कापलेला गंज नव्या पॅचखालून पुन्हा बाहेर येतोच. पॅचचे कोपरे गोल ठेवा.

आधीच्या दुरुस्त्यांकडेही लक्ष द्या. ग्राइंडर फिरवल्यावर पिवळी रेघ दिसली तर तिथे कुणीतरी पूर्वी गॅसवर पितळ भरलेलं आहे. पितळावर मिग मारलं की ते फुटफुटतं, वेल्डमध्ये छिद्रं पडतात आणि पुढे तडे जातात. तो भाग पितळासकट कापून काढा. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि रंग सांध्यापासून निदान इंचभर मागेपर्यंत काढा, आणि पत्र्याच्या मागच्या बाजूचा डांबरी लेपही खरवडा. समोरून लख्ख केलेल्या पत्र्याला वेल्ड करताना मागून धूर येतो तो याच लेपाचा, आणि तोच वेल्डमध्ये छिद्रं पाडतो. अर्थिंगचा क्लॅम्प (मशीनच्या दुसऱ्या केबलचा चिमटा) रंगावर किंवा दरवाजाच्या बिजागरीवर नको. कामाजवळच्या उघड्या धातूवर लावा.

सेटिंग अंदाजाने ठेवणं

कापलेल्या जुन्या पत्र्याचा धड तुकडा फेकू नका. सेटिंग त्यावरच बसवा, कारण जाडी तीच असते. तुकडा उलटा करून बघा: मागे बारीक, सलग उंचवटा दिसला तर वेल्ड आत गेलंय. मागे नुसता निळा डाग असेल तर वेल्ड वरच बसलंय, ग्राइंड केलं की सुटेल. वायर गनला मागे ढकलत असेल तर वायरचा स्पीड जास्त आहे. वायर गनच्या टिपपर्यंत जळून गोळा होत असेल तर कमी आहे. बरोबर जमलं की आवाज सलग तडतडीचा येतो.

एवढ्या पातळ पत्र्याला ०.६ मिमीची वायर उत्तम, ०.८ मिमीचीही चालते. आपल्याकडे अनेक ठिकाणी नुसता कार्बन डायऑक्साइड वापरतात. त्याने काम होतं, पण आर्क गरम असतो आणि शिंतोडे जास्त उडतात. बॉडीच्या कामाला ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण परवडत असेल तर तेच घ्या. उन्हाळ्यात गॅरेजमधला पंखा थेट कामावर येतो आणि गॅस उडवून लावतो. वेल्डला जाळीसारखी भोकं पडली तर आधी पंखा बंद करून बघा. बिनगॅसची फ्लक्स वायर (पोटात फ्लक्सची पूड भरलेली) वापरत असाल तर गन निगेटिव्हला जोडावी लागते. गॅसच्या साध्या वायरला पॉझिटिव्ह. आणि लांब, बारीक एक्स्टेन्शनवर मशीन चालवलं की व्होल्टेज पडतं, मग कुठलंच सेटिंग टिकत नाही.

सलग रेघ ओढणं

बोनेट, दरवाजा, मडगार्ड अशा सपाट भागांवर सलग वेल्ड म्हणजे पत्रा वाकवायची हमी. दोन पत्र्यांमध्ये वायरच्या जाडीएवढी फट ठेवून आधी २५-३० मिमीवर टाके मारा. मग एक टाका इकडे, पुढचा दुसऱ्या टोकाला. हात लावता येईल इतका पत्रा निवाला की मधल्या जागा भरा. मागे तांब्याची पट्टी दाबून धरली तर उष्णता ओढली जाते आणि भोक पडत नाही. वेल्ड आकसून पत्रा आत ओढला गेला तर मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) लावून फक्त वेल्डवर हातोडी मारा, बाजूच्या पत्र्यावर नको. ग्राइंडरही एकाच जागी दाबून धरू नका. त्याच्या उष्णतेनेही पत्रा लाटा मारतो. शेवटचा हात फ्लॅप डिस्कने (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) फिरवा.

सुरू करण्यापूर्वी बॅटरीची वायर काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. पेट्रोलची टाकी आणि पाइप, सीएनजी किट, कार्पेट, सीटचा फोम यांच्या जवळ ठिणगी जाता कामा नये. मागच्या बाजूला विझवण्याचं यंत्र घेऊन माणूस उभा असू द्या, आणि काम संपल्यावरही निदान अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका. पॅनलच्या आत फोम धुमसत राहतो. जस्ताचा थर दिलेला पत्रा असेल तर तो थर घासून काढा आणि हवा खेळती ठेवा. त्या धुराने रात्री ताप भरतो.

वेल्ड झालेली सिल आतून उघडी पडलेली असते, तिथला प्रायमर जळालेला असतो. सांध्यावर सीलर लावा, आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा, आणि सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं सीलरने बुजली नाहीत ना, हे तारेने तपासा. ती बुजली तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत साठतं.